नंदुरबार जिल्ह्यातील उत्सव व हिवाळी निसर्गाचे छायाचित्रण

नंदुरबार जिल्ह्यातील छायाचित्रणाचे दोन प्रकार विशेष परिचित आहेत. पहिला प्रकार रात्रभर चालणाऱ्या वाद्य-नृत्याच्या उत्सवांचा. यात सातपुड्यातील होळी, जत्रा आणि लग्नसराईतील बँड यांचा समावेश होतो. दुसरा प्रकार हिवाळ्यातील डोंगरदृश्यांचा. यात तोरणमाळचे पठार, अस्तंबा शिखर, डाब परिसरातील गोठलेले दव आणि दऱ्यांतील धुके हे विषय येतात. जगभरात संगीत कार्यक्रमांचे छायाचित्रण आणि पर्वतीय छायाचित्रण ही सहसा दोन स्वतंत्र क्षेत्रे मानली जातात. नंदुरबारमध्ये मात्र ऋतुचक्रामुळे ती एकाच छायाचित्रकाराच्या वर्षक्रमात एकमेकांना जोडून येतात. दोन्हींसाठी अपुऱ्या प्रकाशात काम करण्याचे कौशल्य, रात्रीचा प्रवास आणि दीर्घ प्रतीक्षा आवश्यक असते. दोन्ही ठिकाणी छायाचित्रात येणारी माणसे आणि त्यांची भूमी यांच्याशी छायाचित्रकाराचे नाते कसे असावे, हा प्रश्नही समान आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके आहेत. अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव येथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक होते. भिल्ल, पावरा, मावची, तडवी, कोकणी आदी समाज येथे राहतात. भिली व तिच्या बोली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी आणि मराठी या भाषा जिल्ह्यात ऐकू येतात.

जिल्ह्याच्या मध्य व दक्षिण भागात तापी नदीचे सपाट, सुपीक खोरे आहे. उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा असून त्यांच्या पलीकडे नर्मदा वाहते. तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटर उंचीवर आहे, तर अस्तंबा शिखराची उंची सुमारे १,३२५ मीटर आहे. याच परिसरातील नर्मदेवर पसरलेल्या सरदार सरोवर जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. म्हणजे एकाच तालुक्यात उंचीचा फरक हजार मीटरहून अधिक आहे. त्यामुळे एकाच सकाळी पठारावर स्वच्छ ऊन आणि खालच्या दरीत दाट धुके असे दृश्य दिसू शकते.

हिवाळ्यातील डोंगर

प्रकाशाची दिशा

नंदुरबार जिल्हा साधारणपणे २१ ते २२ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान वसलेला आहे. या अक्षांशांवर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश उंचीवर येतो. या दिवसांत सूर्योदय सकाळी ७ च्या सुमारास आणि सूर्यास्त सायंकाळी ६ च्या सुमारास होतो. सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहत असल्याने डोंगरांच्या उत्तर उतारांवर लांब सावल्या पडतात आणि कड्यांचे थर ठळक दिसतात. उन्हाळ्यात दुपारचा प्रकाश जवळजवळ डोक्यावरून येतो व दृश्य सपाट करतो. हिवाळ्यात तसे होत नसल्याने निसर्ग छायाचित्रणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल मानला जातो. पावसाळ्यानंतर हवेतील धूळ कमी झालेली असते, हेही त्याचे एक कारण आहे.

दव गोठणे

नंदुरबार जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातील डाब, वालंबा आदी परिसरात दवबिंदू गोठतात. गवताच्या पात्यांवर, कौलांवर, चाऱ्याच्या गंजीवर आणि वाहनांच्या टपांवर बर्फाचा पातळ पांढरा थर दिसतो. निरभ्र व वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते. त्यामुळे जमिनीलगतचा थर त्यावरच्या हवेपेक्षा अधिक थंड होतो. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. हवेचे तापमान शून्याच्या काही अंश वर नोंदले गेले असतानाही गवतावरचे दव गोठलेले आढळते, ते यामुळेच.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने या प्रक्रियेतून दोन निष्कर्ष निघतात. गोठलेले दव शिखरावर शोधण्यापेक्षा डोंगरांमधील सखल शेतांत शोधणे योग्य ठरते. दुसरे म्हणजे, सूर्यकिरण पोहोचताच हा थर वितळू लागतो. डोंगराच्या सावलीतील शेतात तो काही काळ टिकतो, तर उघड्या जागी थोड्याच वेळात नाहीसा होतो. म्हणून छायाचित्रकाराला उजाडण्यापूर्वीच जागेवर पोहोचावे लागते. बहुधा त्यासाठी आदल्या रात्री गावातच मुक्काम करणे भाग पडते.

हे दृश्य पर्यटकांना आकर्षक वाटत असले, तरी शेतकऱ्यासाठी ते नुकसानीची सूचना असू शकते. कडाक्याच्या थंडीमुळे भाजीपाला, फळझाडांचा मोहोर आणि कोवळ्या रोपांना धोका पोहोचतो. ज्या शेतात छायाचित्र घेतले जाते, त्याच शेतावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते. स्थानिक वृत्तछायाचित्रकार म्हणूनच पांढऱ्या गवताबरोबर शेकोटीभोवती बसलेली माणसे आणि करपलेले पीक यांचीही छायाचित्रे घेतात.

धुके व तापमानाची उलटी स्थिती

सामान्यतः उंची वाढते तसे तापमान कमी होते. हिवाळ्याच्या शांत रात्री दरीत थंड हवा साचल्याने हा क्रम उलटा होतो. खालच्या थंड थरावर उबदार हवेचे जणू झाकण बसते. चुलींचा धूर व धुके या झाकणाखाली अडकून आडव्या पट्ट्यांच्या रूपात पसरतात. तोरणमाळच्या कड्यावरून सकाळी दिसणारे पांढरे थर या स्थितीमुळे निर्माण होतात. ऊन तापल्यावर हवा वर उठू लागते व थर विरतात. तोरणमाळ येथील यशवंत तलाव, सीताखाई आणि तेथे जाणारा वळणावळणांचा घाट ही छायाचित्रकारांची नेहमीची ठिकाणे आहेत.

मिरचीच्या पथाऱ्या

हिवाळी निसर्गचित्रांत सपाटीवरील एक दृश्यही मोडते. नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. बाजारात आलेली ओली लाल मिरची शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत पसरून वाळवली जाते. या जागांना ‘पथारी’ म्हणतात. उंचावरून पाहिल्यास दूरवर पसरलेले लाल गालिचे आणि त्यांत काम करणारे मजूर दिसतात. गडद लाल रंगात छायाचित्रातील तपशील सहज हरवतो. त्यामुळे अनुभवी छायाचित्रकार एक्स्पोजर किंचित कमी ठेवतात. पथाऱ्यांवर दिवसभर मिरची उलटवणे व निवडणे हे काम बहुतांशी स्त्रिया करतात, आणि मिरचीच्या धसक्याने खोकला व डोळ्यांची आग हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग असतो. अवकाळी पाऊस झाल्यास उघड्यावरील मिरची भिजून व्यापारी व मजूर दोघांचेही नुकसान होते.

रात्रीचे उत्सव

तिथी आणि चांदणे

जिल्ह्यातील प्रमुख उत्सवांच्या तिथी पाहिल्यास रात्रीच्या प्रकाशाचा अंदाज आधीच बांधता येतो. सारंगखेडा येथे तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा व प्रसिद्ध घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होतो. सातपुड्यातील होळीचा मुख्य दिवस फाल्गुन पौर्णिमेचा असतो. या दोन्ही रात्री चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पहाटेपर्यंत आकाशात राहतो. त्यामुळे पार्श्वभूमीतील डोंगर, झाडे व गर्दी यांची बाह्यरेखा छायाचित्रात टिपता येते.

याउलट अस्तंबा ऋषींची यात्रा दिवाळीच्या दिवसांत, आश्विन वद्य पक्षाच्या अखेरीस भरते. तोरणमाळ येथील गोरक्षनाथांची यात्रा महाशिवरात्रीला, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीला असते. या रात्री जवळजवळ अमावास्येच्या असतात. महाभारतातील अश्वत्थामा अस्तंबा शिखरावर वास करतो, कपाळावरील जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्यांना मार्ग दाखवतो, अशी लोकश्रद्धा आहे. भाविक अंधारात डोंगर चढतात तेव्हा टेंभे व विजेऱ्यांच्या प्रकाशाची लांबच लांब रेघ दिसते. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून अनेक सेकंदांचे एक्स्पोजर दिल्यास ही रेघ छायाचित्रात अखंड उमटते. अंधाऱ्या वाटेवर कॅमेऱ्याच्या फ्लॅशमुळे चढणाऱ्यांचे डोळे दिपतात व पाय घसरण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा ठिकाणी फ्लॅश टाळणे ही केवळ तंत्राची बाब राहत नाही.

काठीची राजवाडी होळी

अक्कलकुवा तालुक्यातील काठी या पूर्वीच्या संस्थानच्या गावातील होळी ‘राजवाडी होळी’ म्हणून ओळखली जाते. तिची परंपरा इ.स. १२४६ पासूनची असल्याचे सांगितले जाते. होळीपूर्वी ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात. होळीसाठी उंच व सरळ बांबू दूरच्या जंगलातून विधीपूर्वक आणला जातो. त्यासाठीचा खड्डा अवजारे न वापरता हातांनी खणण्याची प्रथा आहे. सायंकाळपासून परिसरातील गावांचे गट वाजतगाजत येऊ लागतात, रात्रभर नृत्य चालते आणि पहाटे होळी पेटवली जाते. सातपुड्यातील इतर गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असल्याने हा उत्सव अनेक दिवस चालू राहतो.

नृत्यात सहभागी होणारे काही जण नवस किंवा व्रत म्हणून विशिष्ट वेश धारण करतात. त्यांना बावा, बुध्या, मोरख्या अशी नावे आहेत. मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले दुधी भोपळे आणि अंगावर पांढरे ठिपके ही या वेशाची ठळक वैशिष्ट्ये आहेत. व्रताच्या काळात पाळावयाच्या नियमांना ‘पालनी’ म्हणतात. त्यांत ब्रह्मचर्य, जमिनीवर झोपणे, खाटेचा वापर न करणे अशा नियमांचा समावेश होतो आणि त्यांचे तपशील गावागणिक बदलतात. ढोल, मांदल, पावरी व बासरी ही प्रमुख वाद्ये होत. अनेक गटांचे ढोल एकाच वेळी वाजू लागले, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही.

बाहेरून आलेल्या प्रेक्षकाला हा वेश रंगमंचीय वाटू शकतो. वेश धारण करणाऱ्यासाठी मात्र तो कुटुंबाच्या आरोग्यासाठी किंवा पिकापाण्यासाठी बोललेल्या नवसाची पूर्तता असतो. उत्सवाचे छायाचित्र पाहताना व घेताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ट्रकवरील बँड

नवापूर व लगतच्या भागात, तसेच गुजरातच्या सीमेवरील गावांत लग्नसराईत वाद्यवृंदांना मोठी मागणी असते. ट्रक किंवा टेम्पोवर ध्वनिवर्धकांच्या भिंती, सिंथेसायझर, ऑक्टोपॅड, विद्युत बॅन्जो व रंगीत दिवे बसवलेले असतात. पारंपरिक चालींवर आधारित टिमलीसारख्या नृत्यांच्या ठेक्यावर तरुण-तरुणी रांगेने हात धरून रात्री उशिरापर्यंत नाचतात. आवाजाची पातळी, झगमगते दिवे आणि वादक व नर्तक यांच्यातील थेट देवाणघेवाण पाहता, शहरी रॉक मैफलीशी सर्वांत जवळचे साम्य असलेला जिल्ह्यातील कार्यक्रम हाच म्हणता येईल.

मैफलींच्या छायाचित्रणाशी तुलना

संगीत मैफलींचे छायाचित्रण हा स्वतंत्र प्रकार म्हणून १९६० च्या दशकात प्रस्थापित झाला. १९६७ चा माँटेरे पॉप महोत्सव आणि १९६९ चा वुडस्टॉक महोत्सव यांची स्मृती मोठ्या प्रमाणात त्या वेळच्या छायाचित्रांमुळे टिकून आहे. जिम मार्शल व बॅरन वोल्मन ही त्या काळातील प्रमुख नावे. महाराष्ट्रात १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ आणि २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला ‘एनएच७ वीकेंडर’ हे रॉक व समकालीन संगीताचे महत्त्वाचे महोत्सव ठरले. शास्त्रीय संगीतात १९५३ पासून पुण्यात होणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाने छायाचित्रकारांना मोठे क्षेत्र उपलब्ध करून दिले. सतीश पाकणीकर यांनी टिपलेली कलावंतांची छायाचित्रे मराठी रसिकांना परिचित आहेत.

मोठ्या रॉक मैफलींत ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ हा संकेत प्रचलित आहे. छायाचित्रकाराला मंचासमोरच्या राखीव जागेतून पहिल्या तीन गाण्यांपुरतेच काम करता येते. त्यानंतर त्याला तेथून बाहेर पडावे लागते. सातपुड्यातील होळीत मंच नसतो, राखीव जागा नसते आणि वेळेची मर्यादाही नसते. नर्तकांचे वर्तुळ फिरत असते आणि छायाचित्रकार कोठेही उभा राहू शकतो. येथे मर्यादा घालणारा आयोजक नसल्याने ती छायाचित्रकाराने स्वतः पाळावी लागते. वर्तुळ न तोडणे, नर्तकाच्या पुढ्यात उभे राहून त्याची वाट न अडवणे आणि पालनी करणाऱ्याला स्पर्श न करणे हे येथील अलिखित संकेत आहेत.

पर्वतीय छायाचित्रणात इटलीचे व्हित्तोरिओ सेला यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी १८९९ मध्ये कांचनगंगेच्या आणि १९०९ मध्ये के-२ च्या परिसरात अवजड कॅमेऱ्यांनी हिमशिखरांची छायाचित्रे घेतली. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह विकसित केलेली ‘झोन पद्धती’ छायाचित्रातील पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांचे नियोजन शिकवते. गोठलेल्या दवाचे किंवा पांढऱ्या धुक्याचे छायाचित्र घेताना तिचा आजही उपयोग होतो.

तंत्र

अंधारात नाचणारी व्यक्ती स्पष्ट टिपण्यासाठी साधारण १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागते. त्यासाठी एफ/१.८ ते एफ/२.८ इतके मोठे छिद्र असलेली लेन्स आणि ३२०० ते ६४०० आयएसओ वापरले जाते. गतीचा आभास हवा असल्यास १/१५ ते १/३० सेकंद इतका मंद वेग ठेवून कॅमेरा नर्तकाच्या गतीबरोबर फिरवतात. अशा छायाचित्रात चेहरा बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि मोरपिसांचा टोप रेषांच्या रूपात पसरतो.

ज्वाळेच्या प्रकाशाचे रंगतापमान सुमारे २,००० केल्विन, म्हणजे गडद नारिंगी असते. एलईडी झोताचा प्रकाश बहुधा ५,००० केल्विनहून अधिक, म्हणजे निळसर पांढरा असतो. एकाच चौकटीत दोन्ही आल्यास त्वचेचे रंग विचित्र दिसतात. म्हणून छायाचित्रकार शक्यतो एकाच प्रकाशस्रोताकडे तोंड असलेली जागा निवडतात. भारतात विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगवान शटर वापरल्यास त्यामुळे छायाचित्रात आडवे पट्टे येऊ शकतात. १/५० किंवा १/१०० सेकंदाचा वेग ठेवल्यास हा दोष बराचसा टळतो.

काठीची होळी पेटल्यानंतर काही वेळाने आकाश निळसर होऊ लागते. या थोड्या काळात ज्वाळेचा नारिंगी आणि आकाशाचा निळा प्रकाश एकमेकांच्या तोलाचे होतात. त्याआधी ज्वाळ अतिप्रखर उमटून चेहरे काळे पडतात, तर उजाडल्यावर ज्वाळ फिकी दिसते. रात्रभराच्या जागरणानंतर येणारा हा अर्धा तास अनेक छायाचित्रकार सर्वांत मोलाचा मानतात.

गोठलेल्या दवाचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढऱ्या पृष्ठभागाला मध्यम करडा समजतो आणि छायाचित्र काळवंडते. त्यासाठी एक्स्पोजर साधारण एका स्टॉपने वाढवावे लागते. थंडीत बॅटरीची क्षमता कमी होत असल्याने जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवल्या जातात. थंड झालेला कॅमेरा एकदम चुलीच्या खोलीत नेल्यास लेन्सवर व आतील भागात बाष्प धरते. हे टाळण्यासाठी तो बंद पिशवीत ठेवून हळूहळू उबदार होऊ दिला जातो. होळीची राख व माळावरची धूळ यांमुळे उत्सवाच्या ठिकाणी लेन्स बदलणे टाळले जाते. ढोल व ध्वनिवर्धकांजवळ तासन् तास काम करणाऱ्यांनी कानांत बोळे घालणे हिताचे असते, कारण मोठ्या आवाजाने झालेली श्रवणहानी सहसा भरून येत नाही.

उपजीविका व दैनंदिन जीवन

केवळ उत्सव व निसर्गाच्या छायाचित्रांवर जिल्ह्यात उदरनिर्वाह होणे कठीण आहे. तालुक्याच्या गावांतील छायाचित्रकारांचे उत्पन्न मुख्यतः लग्नसमारंभ, ओळखपत्रांची छायाचित्रे, शाळांचे कार्यक्रम आणि वृत्तपत्रांचे काम यांतून येते. मोबाइल कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यावर स्टुडिओतील साध्या छायाचित्रांची मागणी घटली व लग्नाच्या चित्रफितींना महत्त्व आले. उत्सव व निसर्गाची छायाचित्रे ही बहुधा या कामांतून काढलेल्या वेळेत आणि स्वखर्चाने घेतली जातात.

कामाचा वर्षक्रम साधारणपणे दिवाळीतील अस्तंबा यात्रेपासून सुरू होतो. त्यानंतर मिरचीचा हंगाम, सारंगखेड्याची यात्रा, डिसेंबर-जानेवारीतील थंडी, महाशिवरात्री आणि होळी असा क्रम लागतो. उन्हाळा लग्नसराईत जातो. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर दरडी कोसळण्याचा धोका असल्याने दुर्गम भागातील काम मंदावते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकापर्यंत पोहोचणे सोपे असले, तरी डोंगरातील गावांसाठी पुढे बस, जीप, दुचाकी व शेवटी पायपीट यांवर अवलंबून राहावे लागते. शहादा ते तोरणमाळ हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर असून त्याचा शेवटचा भाग घाटाचा आहे.

नर्मदाकाठचे दस्तऐवजीकरण

सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांपैकी सर्वप्रथम बुडिताला सामोरे गेलेले गाव होय. या काळात छायाचित्रकार व माहितीपटकारांनी घेतलेल्या प्रतिमा आज ऐतिहासिक पुरावा ठरल्या आहेत. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट त्यांपैकी उल्लेखनीय आहे. जी घरे, शेते व देवस्थाने आज पाण्याखाली आहेत, त्यांचे रूप पुढच्या पिढीला पाहता येते ते अशाच प्रतिमांतून. एखादे साधे छायाचित्र कालांतराने किती महत्त्वाचे ठरू शकते, याचे हे जिल्ह्यातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

संमती व प्रतिनिधित्व

भारतातील आदिवासी समाजांच्या छायाचित्रणाचा इतिहास वसाहतकाळापर्यंत मागे जातो. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात विविध जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे ‘नमुने’ म्हणून मांडण्यात आली होती. त्यांत व्यक्तीची ओळख तिच्या नावाऐवजी जमातीच्या नावाने होत असे. आजही उत्सवाच्या छायाचित्रांखाली ‘आदिवासी नर्तक’ एवढीच ओळ अनेकदा आढळते. त्याच पानावरील नेत्याचे किंवा कलावंताचे नाव मात्र छापलेले असते. नर्तकाचे व गावाचे नाव त्याच्या अनुमतीने नोंदवल्यास ही विषमता काही अंशी दूर होते.

होळीला येणाऱ्या छायाचित्रकारांची संख्या वाढल्याने काही प्रश्न निर्माण झाले आहेत. विधी चालू असताना नर्तकांना थांबवून उभे करणे, स्त्रिया व लहान मुलांची छायाचित्रे न विचारता घेणे आणि ती प्रसारित करणे यांवर स्थानिक तरुण आक्षेप घेतात. दुसरीकडे, आता गावातील तरुणच स्वतःच्या मोबाइलवर उत्सव टिपून समाजमाध्यमांवर मांडतात. त्यामुळे पूर्वी केवळ छायाचित्राचा विषय असलेला समाज आपली प्रतिमा स्वतः घडवू लागला आहे. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराने गावातील कारभारी किंवा ज्येष्ठांना आधी भेटणे, स्थानिक भाषा जाणणारा सोबती घेणे आणि छापील प्रती गावात परत पोहोचवणे या बाबी विश्वास निर्माण करण्यास साहाय्यभूत ठरतात. जत्रेत काढलेली छायाचित्रे पुढच्या वर्षी परत मिळाली, तर ती घरातील भिंतीवर लागतात. अनेक कुटुंबांकडे दिवंगत व्यक्तीचे तेवढेच छायाचित्र असते.

कायदेशीर बाबी

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला स्वामी सामान्यतः छायाचित्रकार असतो. एखाद्याने मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतल्यास, वेगळा करार नसेल तर, स्वामित्व काढवून घेणाऱ्याकडे जाते. लग्नाच्या छायाचित्रांबाबत हा फरक महत्त्वाचा ठरतो. छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ड्रोनच्या वापरास २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. वनक्षेत्रात चित्रीकरण करण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करणे आवश्यक असते. गर्दीच्या उत्सवात ड्रोन उडवल्यास अपघाताचा, तसेच सारंगखेड्यासारख्या ठिकाणी घोडे बिथरण्याचा धोका असतो.

जतन

डिजिटल तंत्रज्ञानापूर्वी घेतलेल्या फिल्मच्या निगेटिव्ह उष्णता व दमटपणामुळे खराब होतात. जुने स्टुडिओ बंद पडताना त्यांतील संग्रह अनेकदा रद्दीत जातो. डिजिटल छायाचित्रांनाही धोका आहेच. हार्ड डिस्क नादुरुस्त झाल्यास अनेक वर्षांचे काम एकाच वेळी नाहीसे होऊ शकते. त्यामुळे किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, असा सल्ला दिला जातो. प्रत्येक छायाचित्रासोबत स्थळ, तिथी, प्रसंग व व्यक्तींची नावे लिहून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. ही माहिती नसल्यास काही दशकांनंतर ते छायाचित्र कोणत्या गावच्या होळीचे, हे ओळखणे त्या गावच्या लोकांनाही कठीण जाते.